एक फोड घेऊन बघा

रविवारी सकाळी दोन कापडी पिशव्या काखोटीला मारून मी घराबाहेर पडतो, तेव्हा माझ्या पोटात अर्धा कप चहा असतो. बाकी काही नसतं. हे मुद्दाम ठरवून. रिकाम्या पोटी बाजारात जाऊ नये, नको नको ते घेऊन येतो माणूस, असं शहाणी माणसं सांगतात. पण ती घेणाऱ्यांना सांगतात. मी मूळचा चाखणारा.

घेणाऱ्याच्या हातात यादी असते. तशी ती माझ्याही खिशात असते, बायकोच्या अक्षरातली. ‘मेथी २ जुड्या (फुलं आलेली नको)’, ‘गाजरं १ किलो (मागच्यासारखी नको)’ असे तिला कंस असतात, आणि प्रत्येक कंसात माझा एकेक जुना अपराध नोंदलेला असतो. पण ती यादी मी बाजारातून निघताना उघडतो. आधी उघडली तर मन विचलित होतं.

पुण्यात सातही वारांच्या नावाच्या पेठा आहेत, पण आमचा बाजार भरतो तो या सातांपैकी एकीतही नाही. सोसायट्यांच्या मधोमध एक मैदान उरलं आहे, तिथं दर रविवारी शेतकऱ्यांचा आठवडी बाजार असतो. भल्या पहाटे टेम्पो येतात, ताडपत्र्या पसरतात, आणि साडेसातपर्यंत एरवी क्रिकेटचा पीच असलेल्या जागी चाकवताचा ढीग उभा असतो. अलीकडच्या टोकाला पालेभाज्या, मधे फळं, पलीकडच्या टोकाला बचत गटांच्या बायका, त्यांच्या चटण्या, पापड, कुरडया. अगदी कोपऱ्यात थालीपीठाचा तवा. हा तवा वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन मांडतात, अशी मला शंका आहे. कारण फाटकातून आत पाऊल टाकल्याबरोबर भाजणीचा वास आधी नाकात शिरतो आणि मेथी त्यानंतर दिसते.

त्यातून संक्रांतीच्या आधीचा रविवार म्हणजे या बाजाराचा दिवाळी अंकच. भोगीच्या भाजीसाठी हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या शेंगा, काटेरी वांगी, गाजरं. वाणासाठी बोरं, उसाची कांडकी, तीळ. महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी, हंगामातली पहिली द्राक्षं आणि पेरूच पेरू. पाहावं ते जाडजूड आणि रंगीत. आणि दिवाळी अंकासारखंच, दुकानात उभ्याउभ्या चाळण्यात जी मजा आहे ती घरी आणून वाचण्यात नाही.

माझा मार्ग ठरलेला आहे. मी बाजाराला उलटी प्रदक्षिणा घालतो. तिखटापासून सुरुवात करायची आणि गोडाकडे यायचं, म्हणजे शेवटी तोंडाची चव चांगली राहते. पहिला मुक्काम चटण्यांचा. तिथल्या ताई एका ताटलीत नाचणीच्या पापडाचे तुकडे मांडून ठेवतात, पण चटणी मात्र छोट्या चमच्यानं थेट तळहातावर देतात. उखळात कुटून तेल सुटलेली सोलापुरी शेंगदाण्याची, काळीभोर कारळ्याची, जवसाची, लसणाची. आपण मराठी माणसं फुकटची चटणी कशी घेतो ते पाहण्यासारखं असतं. उजव्या हाताचा पसा, खाली डावा हात, मान किंचित झुकलेली. देवळात तीर्थ घेताना हात जसा होतो अगदी तसा. फक्त नंतरची सवय आवरावी लागते. मी एकदा आवरली नाही. तीर्थाचा हात डोक्यावरून फिरवतात तसा सहज फिरवला आणि दुपारी शिकेकाई लावून जवस काढावे लागले.

पुढे ठेचा. ‘तिखट नाही हो दादा, आमची बारकी पोरगी पण खाते,’ असं म्हणून तो दिला जातो. त्या बारक्या पोरीला भेटण्याची माझी फार इच्छा आहे. डोळ्यांतलं पाणी पुसत मी काकवीच्या बाटल्यांपाशी पोचतो. तिथला भाऊ काही न बोलता माझ्या तळहातावर काकवीची धार धरतो. ठेच्याच्या शेजारी काकवीवाला बसतो हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. नंतर द्राक्षं, मग बोरं, आणि शेवटी पेरू.

आता मुख्य गोष्ट सांगतो. फुकटचं खाणं सोपं नाही. विकत घेतलेला वडापाव माणूस कसाही खातो, चालत, बोलत, फोन कानाला लावून. पण हातावर ठेवलेली फुकटची फोड खाताना चेहऱ्याचं काहीतरी करावं लागतं. नाहीतर आपण नुसतेच खात आहोत हे उघड होईल. म्हणून आपण परीक्षक होतो. नजर जरा वर, आभाळाकडे. चावणं सावकाश. मग एका गालातून दुसऱ्या गालात. मग एक लांबलचक ‘हं’. या ‘हं’चा अर्थ विकणाऱ्याला लागू नये यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो. आणि मग निकाल: ‘जरा आंबट आहे.’

फोड साखरेसारखी गोड असली तरी निकाल हाच. गोड आहे म्हटलं की भाव गेला हातातून, हे आपल्याला शाळेत न शिकवताही येतं. ‘मागच्या रविवारचे जास्त चांगले होते’ हा पोटनिकाल. आणि शेवटी ते अजरामर वाक्य: ‘बघतो, एक चक्कर मारून येतो.’ हे वाक्य बोलून परत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतःही नाही. त्यामुळे मैदानावर आता अशा दोन-तीन गल्ल्या झाल्या आहेत, जिथून मला रुमालानं तोंड पुसल्याचा बहाणा करत जावं लागतं. पैशाची उधारी निदान वहीत लिहिलेली असते. चवीची उधारी समोरच्याच्या डोळ्यांत दिसते.

हा माझा दुर्गुण घरातून आलेला नाही. उलट घर फार कडक होतं. माझं लहानपण कोल्हापुरात गेलं, आणि रविवार म्हणजे अण्णांच्या सायकलच्या दांडीवर बसून लक्ष्मीपुरीच्या आठवडी बाजाराला जाणं. अण्णांचा नियम एका ओळीचा होता. चाखलं की घेतलं, निदान पावशेर. वजनं १९६२ सालापासून कायद्यानं किलोग्रॅममध्ये आली होती, पण आमच्या बाजाराच्या तोंडी पुढं किती तरी वर्षं पावशेरच होता. आता प्रत्येक चवीमागं पावशेर म्हणजे मास्तरच्या पगाराला ते परवडणारं नव्हतं. म्हणून पोटनियम असा की पोरानं एका रविवारी एकच वस्तू चाखायची.

एकच! मी सोमवारपासून विचार करायला लागायचो. बोरं म्हणावीत तर खारे शेंगदाणे खुणावत, शेंगदाणे ठरवावेत तर कुणीतरी वर्गात ओल्या हरभऱ्याची आठवण काढे. शनिवारी रात्री निर्णय पक्का होई आणि रविवारी बाजाराच्या तोंडाशीच तो ढासळे. मी पुढच्या आयुष्यात लग्न, नोकरी, घर असे निर्णय बरेच पटकन घेतले. त्याला बहुधा हा सराव कारणीभूत असावा.

अण्णा स्वतः फक्त गूळ चाखत. कोल्हापूरच्या माणसानं गुळाची चव बघायची म्हणजे गंभीर काम. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, ती गुळावर वाढली. आमच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण अण्णांच्या लेखी मानांकन त्यांच्या जिभेवरच व्हायचं. दुकानदार ढेपेचा कोपरा फोडून खडा पुढं करी, ‘बघा की मास्तर खाऊन.’ अण्णा आधी फुटलेल्या बाजूचा रवाळपणा बघत. फार गोरा गूळ त्यांना पसंत नसे. मग खडा जिभेवर ठेवून डोळे मिटत. ते गोडी शोधत नसत. गूळ गोड असणारच, त्यात काय बघायचं, असं म्हणत. ते शोधत मीठ. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ मागाहून जिभेवर खारा उतरतो. तो उतरला नाही की डोळे उघडून म्हणत, ‘चांगला आहे.’ भाव विचारायच्या आधी! मला तेव्हाही वाटे की आपल्या वडलांना व्यवहार कळत नाही.

शेजारी धान्याच्या गल्लीत मापाडी शेराच्या मापानं ज्वारी मोजत. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही. म्हणायचं ‘लाभ’. लाभ, दोन, तीन. दोघांचंही भलं होवो असं आधी म्हणून घ्यायचं, आकडे त्यानंतर. अण्णांचं ‘चांगला आहे’ हे त्याच जातीचं होतं, हे कळायला मला चाळीस वर्षं आणि एक भाची लागली.

भाची संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. या संक्रांतीला चार दिवस आली होती. रविवारी माझ्याबरोबर निघाली आणि अर्ध्या प्रदक्षिणेतच म्हणाली, ‘मामा, तू चक्क सॅम्पलिंग करतोयस.’

‘त्यात नवीन काय? शितावरून भाताची परीक्षा,’ मी ठेच्यानं सुन्न झालेल्या जिभेनं म्हणालो.

‘भाताचं ठीक आहे. एक भांडं, एक जाळ, सगळी शितं सारखी शिजलेली. टोपलीचं तसं नसतं ना. आणि तुझं शीत निवडतं कोण? विकणारा. नाहीतर तू.’ तिनं द्राक्षाच्या घडाकडे बोट केलं. ‘तू आता वरचा, देठाजवळचा मणी तोडलास. खालच्या टोकाचा का नाही तोडलास?’

द्राक्षवाला हसला. ‘ताईंना माहीत दिसतंय. टोकाच्या मण्यात गोडी सगळ्यात शेवटी उतरते. आम्ही बागेत तोच चाखतो.’

‘मग गिऱ्हाईकाला का सांगत नाही?’ मी विचारलं.

‘गिऱ्हाईक विचारत नाही,’ तो म्हणाला.

मग उसाचं कांडकं सोलत सोलत भाचीनं मला एक गोष्ट सांगितली. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. लंडनहून संख्याशास्त्रात डॉक्टरेट करून आले आणि पिकांचा अंदाज कसा काढावा या प्रश्नात शिरले. पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले. पण त्याआधी, १९४० च्या दशकात, त्यांचा दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी एक वाद झाला. साऱ्या मुलखातलं पीक तर कापून मोजता येत नाही. म्हणून काही शेतं निवडायची, प्रत्येक शेतात एक तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, वजन करायचं आणि त्यावरून हिशेब मांडायचा. तुकडा केवढा आखायचा? महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे होता. सुखात्मे म्हणाले, फार लहान तुकड्यात पीक असतं त्याहून जास्त दिसतं.

‘का?’

‘कडेच्या रोपांमुळे. आखलेल्या रेषेवरच जे ताट उभं असतं ते आत धरायचं की बाहेर? कापणारा घुटमळतो आणि बहुतेक वेळा आत धरतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या मानानं कड मोठी. म्हणून आकडा फुगतो.’

मी तिथंच थांबलो. साताऱ्याकडच्या एका विद्वानानं माझ्या रविवारचं गूढ पाऊणशे वर्षांपूर्वी उकलून ठेवलं होतं. लहान नमुना नेहमी जरा जास्तच गोड लागतो. त्यात कुणाची लबाडी असायला लागत नाही. रेषेवरचं ताट बाहेर टाकायला माणसाचा हात होत नाही, एवढंच. पेरूवालीचा हातही फोड द्यायला आपसूक पिवळसर फळाकडेच जातो.

आणि मग माझ्या खोटेपणालाही एकदम शास्त्रीय आधार मिळाल्यासारखं झालं. ‘म्हणजे बघ,’ मी म्हणालो, ‘विकणारा चव गोडाकडे फुगवतो, मी निकाल आंबटाकडे फुगवतो, आणि पन्नास रुपयांवर आमचं सत्यावर एकमत होतं.’

‘असं नसतं, मामा,’ भाची म्हणाली. पण लगेच खोडूनही काढता आलं नाही तिला.

तिनं मग प्रयोग करायचा ठरवला. शेवटच्या रांगेत सासवडकडची एक आजी पेरू घेऊन बसते. तिच्याकडे मी दर रविवारी फोड खातो आणि दर रविवारी ‘जरा आंबट आहे’ म्हणतो. पण तिच्याकडून घेतोही, कारण तिची ताडपत्री फाटकाजवळ आहे आणि तोंड चुकवायला दुसरी वाट नाही. तिचे पेरू लखनौ ४९ जातीचे, म्हणजे ज्यांना सरदार म्हणतात ते. नाव लखनौचं, पण ही जात निवडली गेली ती आमच्या पुण्यात, गणेशखिंडीच्या बागेत, १९२७ साली. बियाणं तेवढं लखनौकडचं. जन्मानं पुणेकर असून हा पेरू बाहेरगावचं नाव लावतो, हा त्याचा विनय पुण्यात दुर्मिळ म्हणावा लागेल. त्या बागेत इतक्या रोपांतून हेच एक निवडलं, म्हणजे कुणीतरी बसून फळामागून फळ चाखलंच असणार. तो माणूस दर वेळी ‘जरा आंबट आहे’ म्हणाला असता, तर आज आजीच्या टोपलीत काय असतं कोण जाणे.

भाचीनं फोनवर कसलासा आकडा काढला आणि म्हणाली, ‘आजी, खालच्या थरातला, डावीकडून पाचवा पेरू कापून द्याल?’

आजीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ‘पोरी, पेरू घ्यायचाय का भविष्य बघायचंय?’

पण आजीनं वरचे पेरू बाजूला केले. डावीकडून पाचवा शोधला. हातात घेऊन अंगठ्यानं जरा दाबला, नाकाशी नेला आणि न कापताच बाजूला ठेवला. ‘ह्यो उद्याचा हाय.’

‘म्हणजे?’

‘म्हंजी आज खाल्लास तर नावं ठेवशील. उद्या खाल्लास तर ये मला सांगायला.’ मग तिनं भराभर टोपलीतले पेरू उचलून दाखवले. हा आजचा, हा उद्याचा, हा परवाचा. ‘तुमी कवा खानार?’

भाचीच्या वहीत उद्यासाठी रकाना नव्हता. मी मात्र इतकी वर्षं तिच्याकडून पेरू नेत होतो आणि घरी निम्मे कच्चे निघतात म्हणून कुरकुरत होतो. आजी दर वेळी ‘कवा खानार’ असं विचारते, ते मी आपलं बोलायचं म्हणून बोलते असं समजत होतो.

आजीनं एक ‘आजचा’ पेरू चिरला, फोडीला मीठ-तिखट लावलं आणि एकेक आम्हा दोघांच्या हातावर ठेवली. मी सवयीनं नजर आभाळाकडे नेली. सावकाश चावायला लागलो. आजी माझ्याकडे टक लावून बघत होती.

‘आजी, तुम्ही पण घ्या ना एक फोड,’ भाची म्हणाली.

‘मला साखर हाय गं. डाक्तरनं फळं बंद केल्याती. तीन वर्सं झाली, आमच्याच झाडाचं पेरू, पन जिबंला नाही.’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘कसं हाय? गोड हाय का?’

हा प्रश्न ती दर रविवारी विचारते. मी तो विकणाऱ्याचा प्रश्न समजत होतो. भावाच्या वाटाघाटीतली पहिली चाल. आज कळलं की तिला खरोखरच माहीत नसतं. आपल्या झाडाला काय गोडी आलीय हे कळायला तिच्याकडे आमच्या जिभांशिवाय दुसरी जीभ नव्हती, आणि त्यातली निदान एक तीन वर्षं सतत खोटं बोलत होती. शबरीनं बोरं चाखून गोड तेवढी रामासाठी बाजूला काढली, अशी गोष्ट आपण सांगतो. मला गोड लागलं की मी आंबट म्हणायचो. अख्ख्या रामकथेत हे काम करणारं पात्र नाही.

घास गिळला. आभाळावरून नजर खाली आणली.

‘गोड आहे आजी,’ मी म्हणालो. ‘फार गोड आहे.’

आजीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. शेजारच्या मेथीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘गोड हाय म्हनतायत साहेब!’ मग पिशवी उघडून पेरू भरायला घेतले. दोन आजचे, दोन उद्याचे, दोन परवाचे. काटा बघून झाल्यावर एक वर टाकला.

‘किती?’ मी पन्नासाची नोट काढत विचारलं.

‘साठ,’ आजी म्हणाली. ‘गोड हाय नव्हं?’

भाची इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मुकाट्यानं आणखी दहा रुपये काढले. फाटकाशी आलो, खिशातून यादी उघडली. मेथी २ जुड्या. मागं वळून बघितलं तर मेथीवाला रिकामी ताडपत्री झटकत होता. घरी यादीत पुढच्या रविवारी एक नवा कंस येणार होता. पण तोवर पेरू तीन दिवसांचे होते.